पेनाची चमक टिकत नाही, टोकाला पापुद्रा सुटतो: काय करावं?

प्रश्न

मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो. निवृत्तीनंतर घरच्या छोट्या लेथवर लाकडी पेनं करतो. साग आणि शिसवाचे तुकडे लकडगंजमधून आणतो. काटोलकडच्या नातेवाइकांनी संत्र्याची जुनी बाग मोडली, तेव्हा तिथलंही लाकूड आणून ठेवलं आहे. आधी चपडा आणि मेणाचं पॉलिश करत होतो. लेथवर लखलखीत दिसायचं, पण दोन महिने वापरलं की हात लागतो तिथे मळकट व्हायचं. म्हणून एप्रिलपासून सुपर ग्लूचं फिनिश सुरू केलं. आता काही पेनांवर पांढरट धुकं येतं, टोकाशी पातळ पापुद्रा सुटतो आणि उजेडात तिरपं धरलं की गोल रेघा दिसतात. संत्र्याच्या दोन पेनांना उभी चीरही गेली. जूनअखेर निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना बारा पेनं द्यायची आहेत. ग्लू सोडून पीयूकडे (पॉलीयुरेथेन पॉलिशकडे) वळू का? सोबत फोटो जोडला आहे.

– एक वाचक, नागपूर

उत्तर

नमस्कार. तुमच्या फोटोत लेथच्या डाव्या बाजूला खिडकीत कूलर दिसतो आहे. पांढऱ्या धुक्याचं मोठं कारण तोच आहे, उरलेलं पाणी लावून घासण्यात आहे. टोकाचा पापुद्रा बुशिंगमुळे, म्हणजे ठोकळ्याच्या टोकाशी बसणाऱ्या लोखंडी कड्यामुळे सुटतो, रेघा पॉलिश पेपरच्या आहेत आणि संत्र्याला चीर गेली ती लाकूड पुरतं वाळलेलं नसल्यामुळे. ग्लू बिचारा यात फारसा दोषी नाही. पीयूवर गेलात तरी रेघा आणि चिरा तुमच्यासोबत येतीलच. तेव्हा या बारा पेनांसाठी ग्लूच ठेवा, पद्धत बदला.

आधी चपड्याबद्दल, कारण त्याला तुम्ही उगाच नावं ठेवू नयेत. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याची राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि साधारण ६५ ते ७५ अंशांना मऊ पडते. लेथवर फडक्याने दाबून जो थर बसतो तो फारच पातळ असतो. पेन दिवसातून दहा वेळा घामट बोटांत फिरतं. बोटांना सॅनिटायझर असेल तर तेही शेवटी अल्कोहोलच, म्हणजे चपड्याचं द्रावक. वरचं मेण तर आणखी लवकर जातं: मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कारनुबा ८२ ते ८६ ला. नागपुरात मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेल्या पेनाचं काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. कलमदान, पेनाची डबी, स्टँड या वस्तूंना मात्र चपडा खुशाल वापरा. १०० मिली स्पिरिटला २५ ग्रॅम चपडा पुरे. बाटलीवर विरघळवल्याची तारीख लिहा. सहा महिन्यांहून जुनं द्रावण नीट सुकत नाही, बोटाला चिकट लागत राहतं.

आता लाकूड. संत्र्याचं लाकूड पेनासाठी सुरेख आहे: घट्ट, बारीक पोताचं, फिकट पिवळं. पण संत्र्याचं खोड जाड नसतं, त्यामुळे ठोकळ्यात गाभा येतोच येतो. ठोकळ्याच्या टोकाकडे पाहा. वर्तुळांचा मधला ठिपका आत दिसत असेल तर तो ठोकळा बाजूला ठेवा, कारण गाभ्याभोवतीचं लाकूड वाळताना हमखास फाटतं. शिवाय आत पितळी नळी आहे. लाकूड आकसतं, पितळ आकसत नाही, आणि मधल्या मिलिमीटरभर लाकडाला फाटण्यावाचून पर्याय उरत नाही. तुमच्या दोन पेनांच्या चिरा उभ्या आहेत, म्हणजे हेच झालंय. त्या चिरेत ग्लू भरून उपयोग नाही, शेजारी दुसरी जाईल.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, वजनाला कळतं. २० मिलिमीटर चौरस आणि १३० मिलिमीटर लांब ठोकळा साधारण ४० ग्रॅम भरतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. ठोकळ्यावर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहा, आठवड्याने पुन्हा तोला. आठवड्यात ०.१ ग्रॅमहून जास्त उतरत असेल तर अजून थांबा. वाळत घालताना दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल फासा, नाहीतर ओल टोकांतून भराभर जाते आणि टोकं फुटतात. ठोकळे कूलरच्या खोलीत ठेवू नका, उन्हातही नको. पलंगाखाली सावलीत, हवा लागेल असे रचा.

नळी चिकटवताना सुपर ग्लू टाळा, २४ तासांत घट्ट होणारं दोन ट्यूबचं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांचं नको. इपॉक्सी थोडं लवचीक राहतं, लाकडाची हालचाल सोसतं. पितळी नळी आधी १२० नंबरच्या पेपरने खरखरीत करा. गुळगुळीत पितळाला काहीच नीट धरत नाही, आणि नळी आत सुटलेली असली की लेथवर ठोकळा तापून फुटतो.

साग आणि शिसवाचं दुखणं वेगळं. दोन्हीत नैसर्गिक तेल असतं आणि तेलकट पृष्ठावर ग्लू बसला तरी धरत नाही. घासून झाल्यावर, ग्लू लावण्याच्या अगदी आधी, टिश्यूवर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा. टिश्यूवर रंग येणं थांबेपर्यंत दोन-तीनदा. मग दोन मिनिटं थांबा. अ‍ॅसिटोन उडताना लाकूड गार पडतं आणि गार लाकडावर हवेतली ओल बसते, म्हणून लगेच ग्लू लावू नका. पण तासभरही थांबू नका, आतलं तेल पुन्हा वर येतं. शिसवाचा जांभळट रंग अ‍ॅसिटोनमध्ये सुटतो. एकाच पेनात शिसव आणि संत्रा जोडला असेल तर पुसताना नेहमी फिकट लाकडाकडून गडद लाकडाकडे जा, उलट गेलात तर संत्र्यावर डाग पडतो आणि तो घासूनही जात नाही. शिसवाची धूळ बऱ्याच जणांना सोसत नाही, अंगावर पुरळ उठतं. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा मास्क लावा. सागाची छिद्रं मोठी असतात, ती भरण्याची सोय पुढे येईल.

टोकांवर जरा जास्त बोलू, कारण ग्लूचं फिनिश मधे कधीच सुटत नाही, सुटतं ते टोकापासून.

तुम्ही मँड्रेलवर, म्हणजे ठोकळा ओवायच्या सळईवर, लोखंडी बुशिंग ठेवूनच ग्लू लावता, असं फोटोवरून दिसतं. प्रत्येक हाताबरोबर, म्हणजे लेपाबरोबर, ग्लूचा थर लाकडावरून सरळ बुशिंगवर जातो आणि दोघांना जोडून टाकतो. शेवटी तुम्ही बुशिंग पिळून किंवा ठोकून सोडवता. तो कट्ट आवाज होतो तेव्हा काठाशी थर लाकडावरून केसभर उचलला जातो. त्या क्षणी दिसत नाही. मग पाणी लावून घासताना त्या फटीत पाणी शिरतं आणि काठाशी पांढरी कडा दिसू लागते. पेन जोडताना नळीत धातूचा भाग दाबून बसवला की काठ ताणला जातो आणि महिन्याभराने नखाला लागेल असा पापुद्रा सुटतो. लोखंडी बुशिंगचा आणखी एक तोटा म्हणजे त्याची काळी भुकटी पेपरबरोबर लाकडात घासली जाते. सागावर ती खपून जाते, संत्र्यावर काठाशी काळपट कड येते.

उपाय सोपा आहे. कातून आणि कोरडं घासून झालं की लोखंडी बुशिंग काढा आणि त्या जागी टेफ्लॉन किंवा एचडीपीईचे शंकू लावून ठोकळा लेथच्या दोन सेंटरच्या (टोकदार आधारांच्या) मधे धरा. या दोन्ही प्लास्टिकला ग्लू धरत नाही. नायलॉनला धरतो, म्हणून दुकानदाराने नायलॉन दिलं तर परत करा. औद्योगिक सामानाच्या दुकानात टेफ्लॉनची गोल सळई मिळते. २० मिलिमीटर जाडीचा बोटभर तुकडा घेऊन तो तुमच्याच लेथवर कातता येतो: एका बाजूला नळीत थोडं शिरेल असं निमुळतं टोक, दुसऱ्या बाजूला सेंटरसाठी ६० अंशांचा खळगा. शंकू नळीला अगदी कडेवर टेकतो, लाकडाला नाही. असे चार करून ठेवा. काही जण लोखंडी बुशिंगला मेण फासून काम भागवतात. ते मेण ग्लूबरोबर लाकडावर ओढलं जातं आणि जिथे मेण तिथे थर धरत नाही, म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

शंकू लावण्याआधी ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर, म्हणजे जिथे लाकडाचे रंध्र उघडे असतात तिथे, पातळ ग्लूचा एकेक थेंब इअरबडच्या प्लास्टिकच्या काडीने फिरवा. कापसाचा बोळा आधी काढून टाका. कापूस आणि सुपर ग्लू एकत्र आले की मिश्रण झपाट्याने तापतं, धूर निघतो, बोट भाजतं. याच कारणाने ग्लू लावायला सुती फडकं कधीही वापरू नका.

व्यासाचा हिशेब आधीच करायला हवा. आठ-दहा हातांनी पेनाची जाडी वाढते, म्हणून लाकूड बुशिंगच्या बरोबरीला न आणता व्यासात ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी काता. डिजिटल व्हर्निअर लावून दोन्ही टोकांना मोजा. बरोबरीला आणलंत तर शेवटी थर धातूच्या वर उभा राहतो. मग तो कंगोरा घासण्याच्या नादात काठाशी फिनिश पार निघून जातं आणि पापुद्र्याचं दुखणं पुन्हा सुरू.

घासणं १५० किंवा २२० पासून सुरू करा, मग ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करा आणि त्याच पेपरने लाकडाच्या उभ्या रेषेत, हाताने ठोकळा थोडा थोडा फिरवत, दहा-बारा वेळा ओढा. तुमच्या गोल रेघांचं उत्तर एवढंच आहे. लेथ चालू असताना पेपर फक्त आडव्या रेघा पाडतो, पुढचा नंबर त्या आडव्याच दिशेने पुसतो आणि खोल गेलेली एखादी रेघ सुटून जाते. वर पारदर्शक थर चढला की ती भिंगाखाली धरल्यागत दिसते. पेपर स्वस्त आहे, जुना तुकडा फेकायला मागेपुढे पाहू नका. बोथट पेपर कापत नाही, तापवतो. घासताना ठोकळ्यावर बोट टेकवता येत नसेल एवढा तो गरम झाला तर थांबा. आत पितळ आहे, ते फुगतं आणि लाकूड तडकतं. लेथचा वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आत ठेवा. ६०० च्या पुढे लाकूड घासण्यात अर्थ नाही, पुढची चमक थरावर येते, लाकडावर नाही.

आता ग्लू. दोन प्रकार लागतात: पाण्यासारखा पातळ आणि काकवीहून थोडा सैल असा मध्यम. घरोघरी असते ती एकदा वापरायची छोटी ट्यूब पातळ प्रकारातली. पहिल्या अस्तराला ती चालते, पण सगळं पेन तिच्यावर करणं महाग पडतं आणि थरही जमत नाही. २० ग्रॅमची मध्यम ग्लूची बाटली आणा. दोन नळ्यांच्या एका पेनाला सगळे हात धरून दीड ते दोन ग्रॅम लागतो, म्हणजे वाया जाणारा धरूनही बारा पेनांना दोन बाटल्या पुरतील.

साधा पांढरा टिश्यू चार पदरी घडी करा, बोटाच्या पेराएवढा रुंद. बोट आणि टिश्यू यांच्यामध्ये पॉलिथिनच्या पिशवीचा तुकडा ठेवा. लेथ ६०० ते ८०० फेऱ्यांवर. टिश्यूवर पातळ ग्लूचे तीन थेंब घ्या, ठोकळ्याच्या खालच्या बाजूने टेकवा आणि डावीकडून उजवीकडे दोन-तीन सेकंदांत एकदाच न्या. परत मागे येऊ नका. ग्लू तेवढ्या वेळात घट्ट होऊ लागलेला असतो, दुसऱ्यांदा टिश्यू फिरला की तो ओढला जातो, धागे चिकटतात आणि थराला कंगोरे येतात. नव्याने शिकणाऱ्यांचं बहुतेक काम इथेच बिघडतं: एक जागा कोरडी राहिलेली दिसते आणि हात आपोआप मागे जातो. जाऊ देऊ नका, पुढचा हात ती भरतो. प्रत्येक हाताला टिश्यूची नवी घडी.

पातळ ग्लूचे दोन हात अस्तर म्हणून. सागाची छिद्रं भरायची तर दुसरा हात ओला असतानाच ४०० च्या पेपरने हलकं घासा. जी भुकटी निघते ती ग्लूत कालवली जाऊन छिद्रांत बसते. पाच मिनिटांनी पुन्हा ४०० ने सपाट करा, भुकटी पुसून काढा. मग मध्यम ग्लूचे सहा ते आठ हात, प्रत्येकी तीन-चार थेंब, दोन हातांमध्ये दोन मिनिटं. उकाड्याच्या कोरड्या दुपारी हेच अंतर चार-पाच मिनिटांवर जाईल. घाई म्हणून ग्लू लगेच जमवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरचा फवारा मारायचा मोह होतो. मारायचाच तर हातभर अंतरावरून, एकदाच, नुसता वास लागेल इतका. जवळून भिजवलात तर ग्लू उकळल्यागत फसफसतो आणि थरात बारीक पांढरे बुडबुडे अडकतात. ते वरून घासून जात नाहीत, पूर्ण थर काढावा लागतो.

आता तुमचा कूलर. सुपर ग्लू सुकत नाही, हवेतल्या आणि पृष्ठावरच्या किंचित ओलीने तो जमतो. साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता त्याला मानवते. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे ग्लू रेंगाळतो. आणि ओल्या ताटीतून येणारा कूलरचा झोत सरळ लेथवर असला तर तिथे हवा पावसाळ्यासारखी दमट होते. तेव्हा ग्लू एकदम जमतो आणि त्याची उडालेली वाफ पांढरी पूड होऊन ताज्या थरावर बसते. तेच तुमचं धुकं. खिडकीजवळ, झोताच्या रेषेत केलेल्या पेनांवर ते जास्त असेल, तपासून पाहा. थर जाड दिला असेल तर त्यातही दुधाळपणा येतो.

म्हणून नवतप्यात ग्लूचं काम सकाळी सहा ते आठच्या दरम्यान करा. कूलर अर्धा तास आधी बंद. भिंतीवर एक छोटं आर्द्रतामापक लावा, फार महाग नसतं. वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी आणि शक्य तर लेथच्या मागे एक्झॉस्ट फॅन, जो हवा तुमच्यापासून दूर ओढेल. पंख्याचा वारा पेनावर नको. डोळ्यांवर गॉगल हवाच. थेंब डोळ्यात गेलाच तर पापणी ओढून उघडू नका, पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

शेवटचा हात दिल्यावर रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ६०० च्या वॉटर पेपरने, किंचित पाण्यात एखादा थेंब भांड्यांचा साबण टाकून, थर सपाट करा. इथे नजर हवी. घासलेला भाग मंद, एकसारखा करडा दिसतो. जिथे खळगा आहे तिथे अजून चमक राहते. पेन बल्बखाली तिरपं धरून पाहा आणि एकही चमकता ठिपका उरत नाही तोपर्यंत पुढच्या नंबरला जाऊ नका. ठिपके खूप खोल असतील तर घासत बसून लाकूड उघडं पाडण्यापेक्षा अ‍ॅसिटोनशिवाय, नुसतं कोरडं पुसून मध्यम ग्लूचे आणखी दोन हात द्या. अ‍ॅसिटोन जमलेला ग्लूही मऊ करतं, तयार थरावर ते वापरायचं नाही.

सपाट झालं की ८००, १०००, १५००, २०००, आणि प्रत्येक नंबरनंतर पुन्हा लेथ बंद करून उभं घासणं. मायक्रोमेशच्या (अतिबारीक घासायच्या) नऊ गाद्यांचा संच मिळाला तर १५०० पासून १२००० पर्यंत त्यावर काम छान होतं. नसेल मिळत तर गाड्या रंगवणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातला २००० चा वॉटर पेपर, मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी कारची पॉलिश, एवढ्यावर पेन दुकानात ठेवण्यासारखं होतं. कंपाउंडच्या वेळी वेग बाराशे-पंधराशेपर्यंत नेलात तरी चालेल, पण दाब देऊ नका. तापला की थर मऊ पडतो आणि फडक्याची नक्षी त्यात उमटते. लेथच्या पट्ट्यांवर वर्तमानपत्र पसरा, नाहीतर पाण्याने गंज धरेल.

जोडणीआधी नळीचं आतलं तोंड पाहा. तिथे ग्लू किंवा इपॉक्सीचा ओघळ असतोच. तो गोल कानशीने काढा आणि नळीच्या आतल्या कडेला किंचित उतार द्या. ओघळ राहिला तर धातूचा भाग दाबताना नळी फुगते आणि काठाचा थर चरचरतो. दाबणं सावकाश, सरळ रेषेत, हातोडी नको. शेवटच्या हातानंतर किमान २४ तास गेलेले असावेत.

बाटली उघडल्यावर तिचा सांभाळही नागपूरच्या हवेप्रमाणे हवा. न उघडलेल्या बाटल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट फ्रिजमध्ये ठेवा. खाण्याच्या वस्तूंपासून लांब, डब्यावर ठळक लिहून. बाहेर काढल्यावर दोन तास झाकणाला हात लावू नका. थंड बाटली उघडली की आत दव धरतं आणि ग्लू बाटलीतच जमतो. उघडलेली बाटली अ‍ॅक्टिव्हेटरच्या शेजारी कधीही नको.

पीयूबद्दल विचारलंत. दोन डब्यांचं पीयू, म्हणजे हार्डनर मिसळायचं, पेनावर उत्तम टिकतं. सागाच्या जाड पेनावर तर ते आम्हाला ग्लूपेक्षा देखणं वाटतं, प्लास्टिकसारखं दिसत नाही. पण घाईचं काम नाही. नळ्या बांबूच्या काडीवर खोचून, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पातळ पाच-सहा हात, दोन हातांमध्ये चार-सहा तास, दर दोन हातांनंतर ६०० चा हलका पेपर, आणि शेवटी पॉलिश करण्याआधी पूर्ण आठवडा. मिश्रण डब्यावरच्या प्रमाणात, सिरिंजने मोजून करा. अंदाजाने हार्डनर वाढवला की थर ठिसूळ होतो, कमी पडला की चिकट राहतो. मिसळलेलं काही तासांत घट्ट होतं, म्हणून सहा-आठ पेनं एकदम काढली तरच परवडतं. भर उन्हाळ्यात थिनर इतक्या लवकर उडतो की थर पसरायच्या आत संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात, शिवाय वाऱ्याबरोबर येणारी धूळ बसते ती वेगळीच. पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करून पाहा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. घरात स्प्रे करू नका, फडक्याने लावतानाही हातमोजे आणि उघडी खिडकी हवी.

मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फर्निचरवाले सुचवतील. एनसी बोटांच्या जागी झिजतं, मेलामाइन कडक पण ठिसूळ आणि पुढे पिवळट. पेनाला दोन्ही नको. जवसाचं तेल विदर्भात मुबलक आहे आणि लाकडाला रंगही छान चढवतं, पण एकट्या तेलाला टिकाऊ फिनिश म्हणता येणार नाही. वापरलंत तर एक लक्षात ठेवा: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, ४५ अंशांच्या खोलीत तर आणखी सहज. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चपड्याची जुनी पेनं परत आली तर ती दुरुस्त होतात. पंचाने, म्हणजे आतून ठोकायच्या सळईने, धातूचे भाग काढा, टर्पेंटाइनने मेण पुसा, स्पिरिटने चपडा उतरवा, ३२० ने घासा आणि वरच्या रीतीने ग्लू चढवा. मेण पुसण्याची पायरी गाळू नका. पापुद्रा सुटलेल्या पेनांत सुटलेला भाग एक-दोन मिलिमीटरचाच असेल तर पातळ ग्लूचा थेंब सुईच्या टोकाने फटीशी लावा, तो स्वतःहून आत ओढला जातो. त्याहून जास्त असेल तर थर पूर्ण घासून काढणंच बरं. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवू नका. नळी सुपर ग्लूने चिकटवलेली असेल तर तीही सुटून हातात येईल.

बारा पेनं साग आणि शिसवाची करा. संत्रा या खेपेला नको. तो जूनअखेरपर्यंत वाळणार नाही आणि शिक्षकांच्या खिशात चिरेल. रोज सकाळी दोन नळ्यांचं एकच पेन ग्लूला घ्या, दुपारी पुढच्या पेनाचं कातकाम आणि कोरडं घासणं. मृगाचा पाऊस लागला की आर्द्रतामापक ७० च्या वर जाऊ लागेल. त्या दिवशी ग्लूची बाटली उघडू नका, पॉलिशचं राहिलेलं काम उरका. पहिलं तयार झालेलं पेन मात्र लगेच कोणाला देऊ नका. आठवडाभर स्वतःच्या शर्टाच्या खिशात वापरा, रोज सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरा आणि टोकांवरून नख फिरवून पाहा. नख कुठे अडकलं, तर पुढची अकरा जोडण्याआधी शंकू पुन्हा मोजा.